शिफ्ट आधी, अक्षर मग

एप्रिल लागला की माझा कीबोर्ड तापतो. तो खिडकीशी असतो. पाणी येण्याचा दिवस असला की बादल्या, घागरी, टाकी यांच्या गडबडीत पडदा ओढायचा राहून जातो, आणि मी कामाला बसते तेव्हा पहिल्या बटणाला लावलेलं बोट झटकन मागं घ्यावं लागतं. शेजारच्या घरातले यंत्रमाग चालू असतात. समोरच्या गच्चीवर कुरडया वाळत असतात. खालून ओढणीनं तोंड गुंडाळलेल्या मुली टायपिंगच्या क्लासला निघालेल्या असतात, आणि कुणाकुणाच्या पिशवीतून छोट्या कीबोर्डचं टोक बाहेर आलेलं असतं. परीक्षा जवळ आली हे मला त्या टोकांवरून कळतं.

त्या मुलींच्या मोबाईलमध्ये मी लिहिलेलं ॲप आहे. त्यात मी काय काय केलं ते सांगायला बसले तर लोक जांभया देतात. पण त्यात एक गोष्ट करायचं मी नाकारलं होतं, आणि तिचा मला अजून अभिमान आहे. दर उन्हाळ्यात तो अभिमान वर येतो, त्याच्या मागोमाग रागही येतो. राग अजून शिळा झालेला नाही, याचं मला बरं वाटतं.

माझा डावा हात कामाचा नाही. जन्माच्या वेळी खांद्यातली नस ओढली गेली, एवढंच अव्वा सांगते. अव्वा म्हणजे माझी आई. आमच्या घरात निम्मं कन्नड आणि निम्मं मराठी चालतं, पण या विषयावर ती दोन्ही भाषांत थोडक्यात आटपते. हात आहे, त्यात मी घड्याळ घालते, बांगडी घालते. बाकी सगळं उजवा करतो. भाकरी मी एका हातानं थापते आणि ती फुगते. वेणी जमत नाही म्हणून केस आखूड ठेवलेत. लग्नकार्यात बायका माझ्या खांद्याकडं बघून हळूच च्च च्च करतात, तेव्हा मी त्यांच्या ताटात मुद्दाम जास्त आमटी वाढते.

दहावीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतली सगळी मुलं टायपिंगला जायची. पुढं काय व्हायचंय ते ठरलेलं नसायचं, पण टायपिंग असलेलं बरं, असं प्रत्येक घरात म्हणायचे. मीही गेले. सोलापुरातल्या नवी पेठेच्या मागच्या बाजूला, जिना चढून वर, पत्र्याखाली मठपती मॅडमचा क्लास होता. दुपारी पत्रा असा तापायचा की मशीनच्या शाईचा वास नाकात बसायचा आणि घरी जाऊन तोंड धुतलं तरी जायचा नाही. ओळीनं काळी जड टाइपरायटरची मशीनं, त्यांच्यासमोर बसलेली मुलं, आणि मधून लाकडी पट्टी घेऊन फिरणाऱ्या मॅडम. डोक्यावर पदर, पायात कापडी बूट. पट्टी टेबलाच्या कडेवर आपटत त्या एकच गोष्ट म्हणत राहायच्या.

"उलट्या हाताची शिफ्ट. डाव्या अक्षराला उजवी, उजव्या अक्षराला डावी. उलट्या हाताची."

मराठी टायपिंगमध्ये कितीतरी अक्षरं शिफ्टशिवाय पडत नाहीत. एका हातानं शिफ्ट धरायची, दुसऱ्या हातानं अक्षर मारायचं. माझ्याकडं दुसरा हात नव्हता. पण त्या मशीनवर शिफ्ट अडकवून ठेवायचं एक छोटं बटण असतं. मी ते दाबायची, अक्षर मारायची, मग शिफ्टला टोला देऊन सोडवायची. माझ्या मशीनचा आवाज बाकीच्यांपेक्षा वेगळा यायचा, एक खटका जास्त. तरी मला वेग आला. मॅडम माझे कागद लाल पेन्सिलीनं तपासायच्या आणि दर कागदावर एकाच जागी गोल काढायच्या. "स्वल्पविरामाच्या पुढची स्पेस खाल्लीस. घाई लई तुला." ते खरं होतं. मला घाई होती आणि आहे.

परीक्षेची वेळ आली तेव्हा त्यांनी मला बसवलं नाही. अव्वाला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोरच सांगितलं. "तिला स्पीड आहे, मी नाही म्हणत नाही. पण बाहेरून साहेब येतेत, हात बघतेत. असला हात बघितल्यावर क्लासला काय म्हणतील? माझ्या क्लासचं नाव आहे की हो." अव्वानं मला उठवलं. जिना उतरताना मला म्हणाली, "हितं रडू नको. घरी जाऊन रड." घरी पोचेपर्यंत माझं रडू गेलं होतं आणि त्याच्या जागी जे आलं ते आजवर माझ्याजवळ आहे.

पुढं कॉलेजात कॉम्प्युटरसमोर बसले. तिथं शिफ्ट धरून ठेवायची गरज नाही, नुसती दाबून सोडली तरी पुढच्या अक्षराला लागू होते, अशी एक सोय असते हे मला कळलं. सोय सेटिंगमध्ये कुठंतरी आत लपलेली होती. पण कुणीतरी, कुठंतरी, माझ्यासारख्या हाताचा विचार करून ती घातली होती. त्या दिवशी मी ठरवलं की मी हेच काम शिकणार.

शिफ्ट, कंट्रोल, आल्ट ही बटणं मोठी चमत्कारिक. नुसती दाबली तर पडद्यावर काहीही उमटत नाही. दुसऱ्या बटणाबरोबर दाबली तर त्याचा अर्थ बदलतो. आमच्या धंद्यात त्यांना मॉडिफायर म्हणतात. मोबाईलला कीबोर्ड जोडला की मोबाईल ॲपला प्रत्येक बटणाची खबर देतो: हे खाली गेलं, हे वर आलं. अक्षराच्या खबरीबरोबर अजून एक आकडा येतो, आणि त्या क्षणी कुठला मॉडिफायर धरलेला होता ते त्या आकड्यावरून ओळखायचं असतं. डावी शिफ्ट होती का उजवी, हेसुद्धा त्यात वेगळं कळतं. बहुतेक ॲपवाले तिकडं बघतही नाहीत. मोबाईलला कीबोर्ड कोण जोडतंय, असं म्हणून पुढं जातात.

सोलापुरात जोडतात. मी पुण्याच्या एका छोट्या कंपनीचं काम घरून करत होते, तेव्हाच्या एका उन्हाळ्यात मठपती मॅडमचा फोन आला. इतक्या वर्षांनी. आवाज तोच, फक्त थोडा बसका. "महानंदा ना? तू मोबाईलमधलं करतीस म्हणं. माझ्या पोरी मंद्रूपहून येतेत, तिकडं चिंचोळीच्या कारखान्यांपासून येतेत. घरात कॉम्प्युटर नाही. मोबाईल आहे. त्याला ते छोटं कीबोर्ड लावून प्रॅक्टिस होईल असं काहीतरी करून दे. फुकट नको." मला बसवलं नव्हतं, ते त्यांना आठवत होतं का नव्हतं, आवाजावरून कळलं नाही. मी काम कंपनीकडं नेलं, तिथल्या निखिलनं ते घेतलं आणि माझ्यावरच सोपवलं. निखिल माझ्याहून लहान आणि माझा वरिष्ठ.

तो उन्हाळा मी कूलरसमोर पाय आणि खिडकीसमोर डोकं करून काढला. कूलरच्या गवताचा ओला वास, मागांची खटखट, अव्वानं मधूनच आणून ठेवलेलं ताक. आणि माझ्यासमोर डझनभर जातींचे स्वस्त कीबोर्ड, मुलींनी बाजारातून आणलेले. एकाला डावं-उजवं कळायचंच नाही, दोन्ही शिफ्ट तो डावीच म्हणून सांगायचा. दुसरा कंट्रोल दाबलं की दोनदा सांगायचा. सगळ्यांत मजा फोनची. मंद्रूपच्या एका मुलीच्या आईला दुपारी नेमका प्रॅक्टिसच्याच वेळी फोन करायची सवय. मुलगी शिफ्ट धरून बसलेली, फोन वाजायचा, ती बोट काढून "व्हय, जेवले" म्हणायची, आणि परत ॲपमध्ये यायची तेव्हा ॲपला वाटायचं शिफ्ट अजून धरलेलीच आहे. सोडल्याची खबर फोन चालू असताना हवेत गेलेली. मग पुढचं सगळं पान शिफ्टच्या, वरच्या अक्षरांचं. ती मला म्हणाली, "ताई, माजी आई फोन करायची थांबणार न्हाय, तुमीच कायतर करा." मी केलं. ॲप परत समोर आलं की आधी सगळे मॉडिफायर सोडून द्यायचे आणि नव्यानं ऐकायचं. एवढंच, पण ते सापडायला दोन दुपारी गेल्या.

माझ्यासाठीही मी एक गोष्ट घातली. शिफ्ट खाली गेली, मधे दुसरं काही न होता वर आली, तर ती पुढच्या अक्षरासाठी लक्षात ठेवायची. शिफ्ट आधी, अक्षर मग. ते पहिल्यांदा चाललं तेव्हा मी दूरचं, डाव्या कोपऱ्यातलं अक्षर निवांत हात नेऊन मारलं आणि ते बरोबर उमटलं. मी अव्वाला हाक मारली. तिनं पडद्याकडं बघितलं. "एकच अक्षर आहे की," म्हणाली, आणि तरी थोडा वेळ उभी राहिली.

मग मॅडम घरी आल्या. छत्री, पदर, हातात मोबाईल. अव्वानं ताक दिलं आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. मॅडमनी ॲप नीट पाहिलं, दोन वेळा मान हलवली, आणि म्हणाल्या, "छान. आता एक राहिलं. पोरी घरी बसून काय करतेत ते मला दिसत नाही. कुठली शिफ्ट मारली ते याला कळतंय म्हणालीस ना? मग उलट्या हाताची नसली, किंवा अक्षर पडायच्या आधी सोडली, की लाल दाखवायचं. चूक धरायची."

मी सरळ विचारलं, "अक्षर बरोबर पडलं तरी चूक?"

"सवय लागली पाहिजे की गं."

"मॅडम, मग मी मारलेलं प्रत्येक शिफ्टचं अक्षर चूक."

त्यांनी ताकाचा पेला खाली ठेवला. माझ्या खांद्याकडं बघितलं नाही, पडद्याकडं बघितलं. "तुझं वेगळं आहे. तुझ्यासाठी नियम कसा बदलायचा? नियम म्हणजे नियम."

"नियम मी लिहिणार आहे यात," मी म्हणाले. "माझ्याच हातानं मला नापास करणारं ॲप मी लिहिणार नाही."

दारातून अव्वाचा आवाज आला. "ब्याड, म्हणून सांग तिला." नको, म्हणून सांग. मॅडमनाही कन्नड येत होतं.

त्या गेल्या आणि संध्याकाळी निखिलचा फोन आला, कारण मॅडमनी त्याला गाठलं होतं. तो वैतागलेला नव्हता, त्याला फक्त उशीर होत होता. "नंदा, माहिती आपल्याकडं येतेच आहे ना? एक अट टाकायची, रंग लाल करायचा. क्लायंटला हवंय. अशी केस हजारात एखादी."

"ती एखादी तुझ्याशी फोनवर बोलतेय."

तो म्हणाला की त्याला वाईट वाटतंय, पण तो दुसऱ्या कुणाकडून ते करून घेईल. मी म्हणाले, करून घे, पण आधी मला क्लासात जाऊन मॅडमशी बोलू दे. त्यांनी माझ्यासमोर बसूनही लालच हवं म्हटलं तर मला या कामावरून काढ, कंपनीतून काढायचं असेल तर तेही कर.

ते बोलले खरी, पण नोकरी मला हवी होती. सोलापुरात बसून असलं काम देणाऱ्या कंपन्या झाडाला लागत नाहीत, आणि पुण्यात जाऊन राहायचं माझ्या मनात नव्हतं, आजही नाही. त्या दिवसांत मी बाजारात जाताना लोकांच्या हातांकडं बघत होते. भाजीवाली एका हातानं कोथिंबीर धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं मोबाईलवर लिहीत होती. रिक्षावाला सिग्नलला एका बोटानं. शाळेतले सर, दवाखान्यातली नर्स, पानवाला. सगळे मोबाईलच्या काचेवर आधी शिफ्टला बोट टेकवत होते, मग अक्षराला. काचेवर दोन बटणं एकदम कुणीच दाबत नाही. सगळं सोलापूर माझ्यासारखं टाइप करत होतं आणि कुणाला कुणी चूक म्हणत नव्हतं. ते बघून मला हसू आलं आणि राग दुप्पट झाला.

क्लासात गेले तेव्हा दुपार होती. जिना तोच, पत्रा तोच, मशीनांच्या जागी थोडे कॉम्प्युटर आणि बाकी टेबलांवर मोबाईल टेकवून समोर छोटे कीबोर्ड. मुली भरलेल्या. मॅडम खुर्चीत बसून मोबाईलवर मुलाला निरोप लिहीत होत्या, इंग्रजीत, एका बोटानं. मी शेजारी उभी राहिले आणि त्यांचं बोट बघितलं. शिफ्टवर टेकलं, उचललं, अक्षरावर गेलं.

"मॅडम," मी म्हणाले, "आत्ता तुम्ही शिफ्ट दाबून सोडलीत आणि मग अक्षर मारलंत. तेही एकाच हातानं. लाल दाखवू?"

पुढच्या बाकावरच्या मुली थांबल्या. मॅडमनी बोट हवेत ठेवलं. त्यांना ओशाळायला झालं असेल असं कुणाला वाटत असेल तर ते मठपती मॅडमना ओळखत नाहीत. "मोबाईल वेगळा, परीक्षा वेगळी," त्या म्हणाल्या. मग जुन्या सवयीनं टेबलावर पट्टी आपटली. "बस तिथं. उतारा देते. कर."

मी बसले. सोळाव्या वर्षी बसले होते तशीच भिंतीकडं तोंड करून. उतारा दुष्काळी पिकांवरचा होता, ज्वारी आणि करडईवरचा. त्यांनी घड्याळ बघून "हं" म्हटलं. मी सुरू केलं. शिफ्ट, अक्षर. शिफ्ट, अक्षर. जवळचं असेल तिथं दोन्ही एकदम, दूरचं असेल तिथं आधी शिफ्ट, मग अक्षर. मधेच वीज गेली, पंखे थांबले, कॉम्प्युटरवरच्या मुलींनी सुस्कारा टाकला. मोबाईल चालू होता. घाम डोळ्यात गेला, पुसायला हात मोकळा नव्हता. मागं मुली माझ्याभोवती येऊन उभ्या राहिलेल्या कळत होत्या. मला भीती वाटत होती, हे मी सांगून टाकते. चुकले तर ती चूक माझ्या खांद्याच्या नावावर जाणार होती.

"थांब," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी मोबाईल उचलला, चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. ओठ हलवत, एकेक शब्द, कागद वाचायच्या तसंच. पट्टीचं टोक काचेवरून ओळीखाली सरकत होतं. क्लासात माग नव्हते, पंखे नव्हते, खालून फक्त बसचा भोंगा आला. एका जागी पट्टी थांबली. मॅडमनी पेन्सिल उचलली, काचेवर गोल काढता येत नाही हे लक्षात आल्यावर परत ठेवली, आणि बोट टेकवलं.

"हितं. स्वल्पविराम. स्पेस खाल्लीस."

मी बघितलं. खाल्ली होती.

"ही चूक माझी," मी म्हणाले. "ही धरा. लाल करा, मार्क कापा, नापास करा. मी तक्रार करणार नाही. अजून कुठं चूक आहे?"

त्यांनी परत पहिल्यापासून वाचलं. मुद्दाम वाचलं, शोधत वाचलं. मंद्रूपची ती मुलगी माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"बाकी नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावर मुलींकडं वळल्या. "तुम्ही काय बघताय? तुम्हाला दोन हात आहेत. उलट्या हाताची शिफ्ट. बसा." आणि माझ्याकडं न बघता, हळू आवाजात, "तुझ्या कंपनीतल्या त्या पोराला फोन करते. लाल नको म्हणते. मला ओरडायला तोंड आहे की."

माफी त्यांनी मागितली नाही. मला ती नकोच होती. माफी मागितली असती तर मला "असू दे" म्हणावं लागलं असतं, आणि ते मी मनापासून म्हटलं नसतं. मॅडम आजही क्लासात पट्टी आपटत उलट्या हाताची शिफ्ट म्हणत फिरतात. ॲपला सगळं कळतं, डावी कुठली, उजवी कुठली, कधी दाबली, कधी सोडली. कळतं आणि ते गप्प बसतं. चूक धरायची वेळ आली की पान बघतं. निखिलनं नंतर एकदा विचारलं की माहिती असून वापरत नाही, हे जरा विचित्र नाही का. मी म्हणाले, माणसांनी पण असंच वागायला हरकत नाही.

या वर्षी कीबोर्ड तापायला लागला आणि मॅडमचा फोन आला. परीक्षेची नावं जायची आहेत, म्हणाल्या. मला वाटलं ॲपबद्दल काहीतरी असेल.

"तुझं पाठवू का?"

बाहेर माग चालले होते. वयाच्या या टप्प्यावर, नोकरी असताना, टायपिंगच्या परीक्षेचं मी करायचं काय? कुणाला दाखवायचंय? मला उत्तर माहीत होतं. ते सोळा वर्षांच्या मुलीला दाखवायचं होतं, जिन्यात उभ्या असलेल्या.

"बाहेरून साहेब येतील," मी म्हणाले. "हात बघतील."

"बघू देत की," मॅडम म्हणाल्या. "मी उभी राहते शेजारी. पण उद्यापासून प्रॅक्टिसला यायचं, फुकटची नाटकं चालणार नाहीत. तुझी स्पेस अजून कच्ची आहे."

पाठवा, मी म्हणाले. आता रोज दुपारी ओढणीनं तोंड गुंडाळून मीही त्या मुलींच्या मागनं निघते, पिशवीतून कीबोर्डचं टोक बाहेर. अव्वा वरच्या खिडकीतून बघते. मी पत्र्याखाली बसते, शिफ्ट दाबते, सोडते, मग अक्षर मारते, आणि स्वल्पविरामाशी आले की दात आवळून थांबते. परीक्षेला अजून अवकाश आहे. पास होईन का, माहीत नाही. पण या वेळी नापास झाले, तर माझ्या स्पेसमुळं होईन.